कसब्यातलं एक अमृततुल्य: चहाला साडेचार स्टार, एक्झिट पोलला दोन

हा रिव्ह्यू चहाच्या दुकानाचाच आहे, पण मी तिथे नुसता चहा प्यायला गेले नव्हते हे आधीच सांगून टाकते. विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, म्हणजे २० नोव्हेंबर २०२४ ला, मी आणि माझ्या एका मैत्रिणीने ह्या दुकानात बसून आमचा घरगुती एक्झिट पोल घेतला, त्यामुळे चहा, खारी, बसायची जागा, मालकांचा स्वभाव आणि चिंचोके टाकायला टेबल मिळालं का नाही ह्या सगळ्याचे मिळून मार्क द्यायला लागणारेत. दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण मालककाका म्हणाले, "चहाचं लिहायचं तर नाव टाक, चिंचोक्यांचं लिहायचं तर टाकू नको." मला दोन्हीचं लिहायचंय. पुण्याच्या कसब्यात एक महापालिकेची शाळा आहे, तिथे मतदान केंद्र असतं, फाटकातून निघून थोडं पुढे डावीकडच्या गल्लीत शिरलात की पितळी पातेल्यावर पळी आपटल्याचा आवाज येतो. एवढ्या पत्त्यावर ज्याला पोचायचंय तो पोचतो.

आधी चहा. जुन्या पद्धतीचं अमृततुल्य आहे, म्हणजे दूध पाणी साखर पावडर सगळं एकत्रच पातेल्यात, काका स्वतः शेगडीशेजारी मांडी घालून बसलेले, वेलदोडा आणि आलं समोरच्या खलबत्त्यात कुटायचं आणि फडक्यातून गाळून थेट किटलीत. पुण्यातली अशी जुनी दुकानं चालवणारी बरीच घराणी मूळची राजस्थानातली, काकांचे आजोबाही तिकडूनच आले, पण काकांचं मराठी माझ्यापेक्षा जास्त पेठेतलं आहे, विशेषतः गिऱ्हाईकाचा अपमान करताना. चहा कडक, दाट, आणि गोडाला हात जरा सैल. साखर कमी मागितलीत तर देतात, पण असं बघतात की पुढच्या वेळी तुम्ही मागत नाही. खारी सकाळी खा, संध्याकाळी ती मऊ पडलेली असते आणि "आत्ताच आली" असं सांगून देतात. क्रीम रोल मात्र कधीही घ्या.

बसायला आत चार टेबलं आणि बाहेर एक कडप्प्याचा कट्टा. आतलं मोरीजवळचं टेबल टाळा, ग्लास विसळताना पाणी उडतं. दाराजवळच्या टेबलावरून शाळेतून येणारी-जाणारी माणसं नीट दिसतात, ते आम्ही सकाळी साडेसातला धरलं आणि रात्री दहापर्यंत सोडलं नाही, दिवसभरात माझे सात चहा झाले आणि काकांनी एकदाही "उठा आता" म्हणलं नाही. पुण्यात हे लिहावं लागतं.

आता आमचा मूळ प्लॅन असा होता की सकाळपासून मतदान करून येणाऱ्या दर पाचव्या माणसाला विचारायचं कुणाला दिलंत, आणि लिहून घ्यायचं. मैत्रीण स्टॅटिस्टिक्स शिकलेली आहे, दर पाचवा हा तिचा हट्ट, कारण आपण निवडायला लागलो की आपल्याला जी माणसं बोलकी वाटतात त्यांनाच विचारतो. क्लिपबोर्ड, दोन पेनं, रकाने आखलेले कागद, सगळी तयारी. पहिला चहा यायच्या आत आमच्या शाळेतले एक रिटायर्ड सर मतदान करून शाई वाळवत आत आले, टेबलावरचा कागद वाचला आणि म्हणाले, "अगं ए पोरींनो, हे आधी पिशवीत घाला."

सरांनी आयुष्यात इतक्या वेळा इलेक्शन ड्युटी केलीय की त्यांना कलमं पाढ्यांसारखी येतात. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२६अ, ते २००९ च्या दुरुस्तीने घातलंय, आयोग जो काळ जाहीर करतो त्या काळात एक्झिट पोल घेऊन त्याचा निकाल कुठल्याही प्रकारे पसरवायला बंदी, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. ह्या वेळी झारखंडचा पहिला टप्पा १३ तारखेला होता म्हणून बंदी १३ नोव्हेंबरच्या सकाळी सातपासून २० तारखेच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत. मी म्हणलं सर आम्ही काय चॅनल आहोत का, दोघी जणी आणि एक क्लिपबोर्ड, तर सर म्हणाले कायद्यात "चॅनल" लिहिलेलं नाही, "नो पर्सन" लिहिलंय, आणि तुझ्या फोनमध्ये तीन ग्रुप आहेत, दुपारी आकडे टाकल्याशिवाय तुला राहवणार आहे का. नव्हतंच राहवणार. क्लिपबोर्ड पिशवीत.

तर सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसहा आम्ही नुसतं बघितलं आणि चहा प्यायला. त्यात ह्या दुकानाची एक सर्व्हिस कळली जिच्यासाठी मी अर्धा स्टार जास्त दिलाय. मतदान केंद्राच्या १०० मीटरच्या आत मोबाईल न्यायला बंदी होती आणि फाटकावर पोलीस परत पाठवत होते, तर काकांनी सकाळीच क्रीम रोलचा एक रिकामा ट्रे काढला आणि लोकांचे फोन ठेवून घ्यायला सुरुवात केली. फोनवर कागदाची चिठ्ठी रबराने बांधायची, त्यावर नंबर, तोच नंबर तुमच्या हातात. पैसे नाहीत. अकरा वाजता ट्रेमध्ये तीसेक फोन आणि सगळे एकाच वेळी थरथरतायत, ट्रे आपोआप गल्ल्यावरून सरकत होता. परत येऊन फोन घेणारा माणूस ओशाळून एक चहा घेतोच, काकांचा धंदा त्या दिवशी दुप्पट झाला असेल. एका आजोबांनी दुसऱ्याचा फोन नेला आणि अर्ध्या तासाने "माझ्या फोनवर कुणाच्या तरी सासूचा फोन आला" म्हणत परत आले, एवढी एकच गडबड.

साडेसहाला आमचं सुरू झालं. खरं तर मतदान सहाला संपतं पण जो रांगेत आहे त्याला चिठ्ठ्या देतात आणि तो मत देतोच, चिठ्ठ्या वाटायच्या त्या रांगेच्या शेपटीकडून म्हणजे मागून कुणी घुसू नये, हेही सरांनीच सांगितलं. त्याच वेळी सगळ्यांच्या मोबाईलवर खरे एक्झिट पोल सुरू झाले होते. बहुतेकांचा कौल महायुतीकडे होता आणि दुकानात लोक हसत होते. हसणारच, जूनमध्ये लोकसभेला काय झालं ते कुणी विसरलं नव्हतं. १ जूनला संध्याकाळी एनडीएला साडेतीनशे, पावणेचारशे, एकदोघांनी चारशेच्या वर दिल्या आणि ४ जूनला झाल्या २९३. एका संस्थेचे प्रमुख टीव्हीवर रडले. महाराष्ट्रात तर ४८ पैकी महाविकास आघाडी ३० आणि महायुती १७. तेव्हा कट्ट्यावर सर्वमत असं की टीव्हीवाल्यांना काही कळत नाही, कळतं ते ह्या दुकानात. आम्हालाही तसंच वाटत होतं.

पद्धत. कागद बाद, कारण लिहिताना बघितलं की माणूस गप्प होतो. मग ठरलं की शाई लावलेलं बोट दाखवायचं, तुम्हाला एक दाणा मिळणार, आतल्या कोपऱ्यात वर्तमानपत्राच्या आडोशामागे तीन बरण्या, एकीवर भाजपचे रासने, एकीवर काँग्रेसचे धंगेकर, एकीवर बाकीचे. पहिल्यांदा आम्ही शेंगदाणे ठेवले. ते काकांकडे आयते होते. पंधरा मिनिटांत लक्षात आलं की वाटलेले दाणे आणि बरणीतले दाणे ह्यांचा मेळ बसत नाही, मतदार मत खाऊन बाहेर येतायत. एकाला विचारलं तर म्हणाला, "खारट नव्हते." मग मी घरी पळत जाऊन आईचे चिंचोके आणले आणि पहिल्यापासून सुरुवात.

दुसरी भानगड आवाजाची. काकांनी दिलेल्या तीन बरण्या तीन प्रकारच्या होत्या, एक स्टीलचा डबा, एक काचेची, एक प्लॅस्टिकची. चिंचोका पडला की स्टीलमध्ये टण्ण, काचेत टिंग, प्लॅस्टिकमध्ये टप. बाहेर बसलेल्या सगळ्यांना पाचव्या मिनिटाला समजलं की टण्ण म्हणजे कोण. एक गृहस्थ, नेहमीचे, रोज दोन तास बसणारे, दहा मिनिटं एका उमेदवाराचं असं काही गुणगान करत होते की बाजूचा माणूस उठून कट्ट्यावर गेला, मग हे आत गेले आणि सगळं दुकान कान देऊन ऐकत असताना आवाज आला तो दुसऱ्याच बरणीचा. कुणी काही बोललं नाही. काकांनी फक्त शेगडी बारीक केली. त्यानंतर आम्ही तिन्ही बरण्यांच्या तळाला फडकं घातलं आणि मतदान गुप्त झालं, पण माझ्या मते आख्ख्या दिवसातली सगळ्यात खरी माहिती आम्हाला त्या आधीच्या पाच मिनिटांत मिळाली.

आणखी एक. शाई लावलेलं बोट म्हणजे कसब्याचाच मतदार असं नाही. पेठेतून कोथरूडला, सिंहगड रोडला राहायला गेलेली कितीतरी माणसं चहाला अजून इथेच येतात, त्यांचं मत पर्वतीत नाहीतर कोथरूडमध्ये नाहीतर खडकवासल्यात. म्हणून आम्ही विचारायला लागलो कुठल्या शाळेत दिलंत, आणि तेवढ्यावरून दोघे जण रुसले, "तीस वर्षं इथे चहा पितोय, आता मी बाहेरचा का?"

साडेनऊला मोजणी. शंभराच्या आतच चिंचोके होते, आणि दहा-बारा चिंचोक्यांनी धंगेकर पुढे. दुकानात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. बाहेरच्यांसाठी थोडक्यात, कसबा म्हणजे भाजपचा गड, गिरीश बापट १९९५ पासून २०१९ पर्यंत इथले आमदार, मग मुक्ता टिळक, त्या २०२२ च्या डिसेंबरमध्ये गेल्या आणि फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी भाजपच्या हेमंत रासनेंना जवळपास अकरा हजारांनी हरवलं. "हू इज धंगेकर" ह्या एका भाजप नेत्याच्या वाक्याची तेव्हा किती टिंगल झाली ते पुण्यात सगळ्यांना पाठ आहे. मधे लोकसभेला धंगेकर भाजपच्या मुरलीधर मोहोळांकडून हरले, पण लोकसभा म्हणजे आख्खं पुणे, कसबा वेगळा, असं ह्या कट्ट्याचं म्हणणं. आता पुन्हा तीच जोडी समोरासमोर होती. आम्ही दोघी मोबाईलवर बरण्यांचा फोटो काढून, टीव्हीवाल्यांवर मात केल्याच्या थाटात घरी गेलो.

आईने फोटो बघितला. म्हणाली, "चिंचोके धुऊन परत आण. आणि बायका किती होत्या गं?"

सहा. त्यातल्या दोन आम्हीच.

मी स्वतः बाई, मैत्रीण स्टॅटिस्टिक्सवाली, दिवसभर दाराजवळ बसून डोळ्यांनी बघत होतो की शाळेतून बायकांच्या झुंडी बाहेर पडतायत, आणि त्या आमच्या समोरून, दुकानाकडे न बघता, सरळ घरी जातायत, कारण संध्याकाळी साडेसातला कुठली बाई कट्ट्यावर चहा पीत राजकारण करायला मोकळी असते. दर पाचवा माणूस वगैरे नियम आमच्या पिशवीतच राहिला होता, आमचा नियम झाला होता "जो चहाला थांबेल तो". मैत्रिणीने कपाळाला हात लावला. म्हणाली, ह्याच कारणाने सीएसडीएस-लोकनीतीवाले (निवडणुकांचा अभ्यास करणारी संस्था) एक्झिट पोल घेतच नाहीत, ते मतदान झाल्यावर मतदार यादीतून नावं काढून लोकांच्या घरी जातात आणि घरात खोटी मतपत्रिका आणि मतपेटी देतात. मी म्हणलं हे तू सकाळी का नाही सांगितलंस. म्हणे, सकाळी चहा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी चिंचोके धुतले, आईला दिले नाहीत, आणि दोन गल्ल्या सोडून पिठाची गिरणी आहे तिथे गेलो. (गिरणीचा रिव्ह्यू वेगळा लिहीन, ज्वारी बारीक दळून देतात, पण आधीच्या दळणाचं पीठ तुमच्यात येतं.) तिथे आडोसा करायची गरजच पडली नाही, गिरणीच्या आवाजात टण्ण आणि टप काही ऐकू येत नाही. गप्पा एकदम वेगळ्या. कट्ट्यावर रात्रभर फूट, गद्दारी, जागावाटप, कोण कुणाला पाडतंय हे चाललं होतं, इथे दळणाच्या रांगेत पंधराशे आले का, कुणाचे अडकलेत, आधार कुठल्या बँकेला जोडलंय, एकवीसशे म्हणतायत ते खरं का, आणि समोरचे तीन हजार म्हणतायत ते देतील का. लाडक्या बहिणीवर चिडलेल्याही होत्या, एक मावशी म्हणाल्या तेलाचा डबा बघा कितीला झालाय, पंधराशे त्यातच गेले. पण बरणी भरत होती ती रासनेंची, आणि फरक कालच्यापेक्षा मोठा.

२३ तारखेला निकाल लागला, हेमंत रासने एकोणीस हजारांच्या वर मतांनी आले. राज्यात भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजितदादांची राष्ट्रवादी ४१, आणि समोरच्या तिघांचे मिळून पन्नासही नाहीत. टीव्हीवाले ह्या वेळी बाजू बरोबर सांगून गेले पण एवढं मोठं त्यातल्या बहुतेकांनीही सांगितलं नव्हतं, तेवढीच आम्हाला सोबत.

मी सरांना जाऊन सांगितलं की गिरणी बरोबर आली आणि दुकान चुकलं. सर म्हणाले, "गिरणीत पुरुष किती होते?" एक. गिरणीवाले स्वतः. "मग तीही चूकच, फक्त निकालाच्या बाजूला पडली." मला पटलं आणि रागही आला. बूथनिहाय आकडे फॉर्म २० मध्ये येतात, ते बघून आमच्या शाळेतल्या बूथवर नक्की काय झालं ते मी काढणारे, कारण माझा अजूनही संशय आहे की ह्या शाळेपुरता काकांचा कट्टा इतका काही चुकला नसावा. एका बूथवर तेव्हा दीड हजारापर्यंत मतदार असायचे, शाळेत बूथ अनेक, आणि आमच्याकडे शंभराच्या आतले चिंचोके, त्यावर मी कसब्याची सीट सांगत होते, तीही दोन लाखांच्या वर मतदार असलेली. हिशोब आता दिसतो. त्या रात्री दिसत नव्हता, बरणी डोळ्यासमोर होती ना.

तर दुकान. सातव्या चहालाही चव तीच होती, ही गोष्ट सोपी नाही. फोन ठेवायच्या सोयीला पूर्ण मार्क. मालकांचा स्वभाव वर आलाच आहे, अपमान फुकट मिळतो पण माणूस खरा, दिवसभरात त्यांनी स्वतः कुणाला मत दिलं हे काही आम्हाला कळू दिलं नाही, चिंचोकाही घेतला नाही, म्हणाले "मी विकणारा माणूस, मला तिन्ही बरण्या सारख्या." अर्धा स्टार कापला तो संध्याकाळच्या खारीसाठी. बायकांसाठी म्हणाल तर जागा सुरक्षित आहे, कुणी वाकडं बघत नाही, फक्त कट्टा पुरुषांनी भरलेला असतो आणि कुणी सरकत नाही, तिथे "जरा सरका" असं मोठ्याने म्हणावं लागतं, मग लगेच सरकतात. एक्झिट पोलसाठी दोन स्टार, त्यातला एक फडक्याचा आणि एक त्या आधीच्या पाच मिनिटांचा. पेमेंट क्यूआरने होतं पण दहाच्या नोटेला काका जास्त खूश असतात.

चिंचोके आईला अजून मिळालेले नाहीत, ते काकांनी काचेच्या बरणीत भरून गल्ल्यावर क्रीम रोलशेजारी ठेवलेत. परवा एका नव्या गिऱ्हाईकाने बोट दाखवून विचारलं, हे कसे दिले. काका म्हणाले, "विकायला नाहीत, महापालिकेची निवडणूक लागली की काढायचेत." गिऱ्हाईक म्हणालं, "मग चिंचोकेच ठेवलेत ते बरं केलंत, टिकतील तरी."